आठव्या पायाची सहल

"मोजायला काय लागतं हो?" विज्ञानाच्या बाईंनी स्टाफरूममध्ये चहाचा कप असा आपटला की बशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. "दोन डोळे लागतात, एक बोट लागतं आणि समोर ऑक्टोपस लागतो. शुक्रवारी अकराला मत्स्यालयात पोचू. पाच मिनिटांत मोजू. सव्वाअकराला हेडसर साठ पोरांसमोर म्हणतील, माझं चुकलं. बघाच तुम्ही."

शुक्रवारी सव्वाअकराला बाई, हेडसर, पीटीचे सर आणि साठ पोरं मासळी बाजारात उभी होती.

ड्रायव्हरचं म्हणणं अगदी साधं होतं. "तुम्हीच म्हणालात, पोरांना मासे दाखवायचेत. इथल्याइतके मासे कुठे आहेत?"

"जिवंत मासे," बाई दातओठ खात म्हणाल्या.

"मग तसं सांगायचं ना बाई. आम्हाला काय, मेलेले पण मासेच दिसतात."

पीटीच्या सरांनी शिट्टी मारली. पोरं दोनदोनच्या रांगेत, हातात हात घालून, नाकं दाबून, बर्फाच्या टोपल्यांमधून परत बसकडे निघाली. बाजारातल्या बायकांनी सुऱ्या खाली ठेवून ही वरात बघितली. एकीने विचारलं, "काय गं, एवढी पोरं आणली आणि घेणार काहीच नाही?" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या सासूबाई म्हणायच्याच, आमच्या सुनेचा राग म्हणजे दूध, वर आलं की गॅस बंद करायलाही सवड देत नाही. पण आजचं दूध गेले तीन आठवडे उतू जात होतं, आणि सगळं एका पायावरून.

सहावीच्या वर्गात भिंतीवर समुद्री जीवांचा एक तक्ता होता. बाई शाळेत लागल्या त्याच्याही आधीपासूनचा, म्हणजे अकरा वर्षं तरी झाली. गेल्या वर्षी वाळवीने त्याचा खालचा कोपरा खाल्ला. देवमासा वाचला, खेकडा वाचला, ऑक्टोपसचा एक पाय गेला. सात उरले. नवा तक्ता मागवा म्हणून बाईंनी तीन अर्ज दिले. तिन्ही अर्जांवर हेडसरांनी 'तपासले' असा शिक्का मारून ते फायलीत लावले, आणि तिसऱ्या वेळी शिक्क्याला शाई जास्त लागली होती म्हणून वर्गात जाऊन तक्त्यावरही एक मारला.

मग सहामाही परीक्षा आली. बाईंना नेमकं प्रशिक्षणाला पाठवलं होतं, म्हणून विज्ञानाचा पेपर हेडसरांनी स्वतः काढला. प्रश्न चौथा, ऑक्टोपसला किती पाय असतात? उत्तर त्यांनी भिंतीवरून मोजून घेतलं. सात. परीक्षा त्याच वर्गात झाली, तक्ता उतरवायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे साठातल्या एकोणसाठ पोरांनीही भिंतीवरूनच मोजलं. राहिली एक. तिने लिहिलं, 'आठ. तक्त्यातला एक वाळवीने खाल्ला आहे.'

तिला सगळे मुंगी म्हणायचे. चण बारीक, वेण्या बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि चावली की समोरचा उठून उभा राहायचा. हेडसरांनी तिच्या उत्तरावर लाल फुली मारली, शेजारी 'आगाऊपणा' असं लिहिलं आणि विज्ञान स्पर्धेच्या पाच जणांच्या संघातून तिचं नाव काढलं. माफी मागितली तर नाव परत घालू म्हणाले.

"कुणाची मागू?" मुंगीने विचारलं. "वाळवीची?"

झालं. त्या दिवसापासून हेडसरांना माफी दोन गोष्टींची हवी झाली.

बाई त्यांच्या ऑफिसात गेल्या. पुस्तक उघडून दाखवलं. हेडसर म्हणाले, छपाईत चुका होतात. मोबाइलवर दाखवलं. हेडसर म्हणाले, मोबाइलवर पृथ्वी सपाटसुद्धा आहे, काय काय मानायचं? शेवटी बाई म्हणाल्या, "अहो सर, मराठीत त्याला अष्टपाद म्हणतात. नावातच आठ आहेत."

हेडसर खुर्चीतून उठले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या तिपाईवरचा पाण्याचा जग उचलला. "ही काय आहे?"

"तिपाई."

"पाय मोजा."

चार होते.

"नावावर जायचं नसतं बाई," हेडसर जग पुन्हा ठेवत म्हणाले. "एकोणसाठ मुलांना मी या उत्तराला गुण दिलेत. निकाल वर गेलाय. आता आठ म्हणालो तर एकोणसाठ तक्रारी माझ्या नावावर. एका मुलीसाठी?"

"एका बरोबर उत्तरासाठी."

"मग असं करू. शुक्रवारी सहल आहेच. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिथे मोजू. आठ निघाले तर मी सगळ्यांसमोर चूक कबूल करीन आणि तिचं नाव संघात. संघाची यादी शुक्रवारी तीन वाजता जायची आहे, तिथूनच क्लार्कला फोन करीन. आठ नाही निघाले, तर तिने सगळ्यांसमोर माफी मागायची."

बाई हो म्हणाल्या. इतक्या झटकन म्हणाल्या की हेडसरांनाच थोडं वाईट वाटल्यासारखं झालं.

मत्स्यालयात पोचायला सव्वाबारा वाजले. दारात एक म्हातारा तिकिटं फाडत होता. त्याने साठ तिकिटं एकेक करून फाडली. बाई त्याच्या अंगठ्याकडे बघत उभ्या होत्या आणि मनात वेळ मोजत होत्या. आत अंधार, थंडावा, आणि भिंतीभर निळ्या काचा. पोरांचे एकदम श्वास थांबले. पंख्याएवढा मोठा चपटा मासा काचेला पोट घासत वर गेला, तशी एक पोरगी नुसतंच "अगं बाई" म्हणाली. अकरा वर्षं खडूने मासे काढून काढून बाईंची बोटं झिजली होती. एवढ्या एका श्वासासाठीच त्या सहल सहल करत होत्या. पण तो श्वास कुणी सोडायच्या आत हेडसरांचा आवाज आला.

"थांबायचं नाही. चालत चालत बघायचं. मागच्यांचा खोळंबा होतो."

"मागे कुणी नाही सर," बाई म्हणाल्या. "आपणच आहोत."

"सवय लागायला हवी."

मग रांग चालू लागली. हेडसर पुढे, प्रत्येक काचेखालची पाटी मोठ्याने वाचत. पीटीचे सर मागे, दर दहा पावलांनी शिट्टी. शिट्टी वाजली की पोरं पावलं जुळवायची आणि मासे टाकीच्या दुसऱ्या टोकाला पळायचे. त्यामुळे पाटी वाचून होईपर्यंत टाकीत बघायला फक्त वाळू उरायची. समुद्री घोडा कुणाला दिसला नाही. कासवाची पाठ दिसली. जेलीफिश दिसले, कारण त्यांना कान नसतात.

"शिट्टी बंद करा हो," बाई पीटीच्या सरांना हळूच म्हणाल्या.

"आणि पोरं हरवली म्हणजे?"

"हातात हात आहेत त्यांचे. हरवली तर दोनदोन हरवतील."

पीटीच्या सरांनी यावर विचार केला आणि शिट्टी अर्ध्या जोराने मारायला सुरुवात केली.

ऑक्टोपसची टाकी शेवटच्या दालनात होती. हेडसरांनी पाटी वाचली. पाटीवर पायांचा आकडा नव्हता, नुसतं 'अनेक पाय असलेला हुशार जीव' असं होतं. ज्याने कुणी ती पाटी लिहिली त्याला बाईंनी मनातल्या मनात उलटं टांगलं. टाकीत दगड होते, एक मातीचं मडकं होतं, आणि काही नव्हतं.

"ऑक्टोपस शून्य, पाय शून्य," रांगेतून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. मुंगी हसली नाही. ती काचेला नाक लावून मडक्याच्या तोंडाकडे बघत होती.

तेवढ्यात हातात बादली घेऊन एक जण आला. गुडघ्यापर्यंत गमबूट, कमरेला रबरी एप्रन, अंगाला खाऱ्या पाण्याचा वास. पोरांनी त्याला लगेच गमबूटकाका करून टाकलं.

"मडक्यात झोपलाय," गमबूटकाका म्हणाला. "दीडला खायला घालतो तेव्हा येतो बाहेर. त्याच्या आधी हाक मारून उपयोग नाही. आमच्या जावयासारखं आहे त्याचं."

दीड वाजेपर्यंत साठ पोरं फरशीवर बसली, डबे उघडले, डबे संपले, दोघांना उलटी झाली, एकाचा बूट हरवला आणि त्याच्याच पिशवीत सापडला. बाईंनी काही खाल्लं नाही. हेडसर भिंतीला टेकून शांतपणे केळं खात होते. ते केळं इतकं सावकाश खात होते की बाईंना तेही आपल्याला चिडवायलाच चाललंय असं वाटलं.

दीडला गमबूटकाकाने वरून कोळंबी सोडली. मडक्यातून आधी एक डोळा आला. मग बाकीचा ऑक्टोपस, जणू कुणी ओली चादर पिळून बाहेर ओढावी तसा. तो काचेवर पसरला. पोरं उभी राहिली. शिट्टी वाजली नाही, कारण ती पीटीच्या सरांच्या तोंडातून पडली होती.

"मोजा," बाई म्हणाल्या.

हेडसरांनी पेनाने मोजलं. पोरांनी बोटांनी मोजलं. पीटीच्या सरांनी कवायतीसारखं मोजलं, "एक, दो, तीन."

सात.

बाईंनी पुन्हा मोजलं. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं. सात.

"बाई," हेडसर इतक्या गोड आवाजात म्हणाले की बाईंच्या कानशिलाची शीर उडायला लागली, "तक्ता बरोबर होता."

"तिथे बारका आहे एक," मुंगी म्हणाली. तिचं नाक अजून काचेलाच होतं. "आठव्याच्या जागी. बोटाएवढा. हलतोय."

सगळे वाकले. खरंच होता. दोन पायांच्या मध्ये करंगळीएवढं एक टोक, शेपटी तुटल्यावर पालीला नवी फुटते तसं.

"बरोबर बघितलंस पोरी," गमबूटकाका म्हणाला. "शेजारच्या टाकीतल्या ईल माशाने तोडला, मधली जाळी ढिली होती म्हणून. यांना परत फुटतो. दोनतीन महिन्यांत होईल पूर्ण."

"ऐकलंत?" बाई हेडसरांकडे वळल्या. "आठ होते. आठ होणार आहेत. मधे एक ईल आली. आपल्याकडे वाळवी आली, तसंच."

"होते आणि होणार आहेत," हेडसर म्हणाले. "प्रश्न काय होता? किती पाय असतात. असतात, बाई. वर्तमानकाळ."

"अहो, तुमचा पाय मोडला तर माणसाला एक पाय असतो असं शिकवू का मी?"

"माझ्या पायावर येऊ नका."

"मी कुणाच्याच पायावर येत नाहीये. एका पायावर तुम्ही अडून बसलात."

पोरांची डोकी एकदा इकडे एकदा तिकडे वळत होती. एवढं लक्ष त्यांनी दिवसभरात एकाही माशाकडे दिलं नव्हतं. हेडसरांनी मुंगीला पुढे बोलावलं. ठरल्याप्रमाणे माफी, सगळ्यांसमोर, आत्ता.

मुंगी पुढे आली. हात मागे बांधले. "मी आठ लिहिले," ती म्हणाली. "याला सात आणि एक बारका आहे. बारका लिहायचा राहिला त्याबद्दल माफ करा."

पोरं खिदळली. हेडसरांचा चेहरा केळ्याच्या सालीसारखा झाला. "ही माफी नाही," ते म्हणाले. "हा पुन्हा आगाऊपणा."

"मागच्या खोलीत दुसरी आहे की," गमबूटकाका बादली विसळत सहज म्हणाला. "नवी आणलीय, मादी. अजून लोकांना दाखवायची नाही. तिचे आहेत आठच्या आठ. भांडता कशाला, तीच मोजा."

बाईंना त्या माणसाच्या गमबुटांना हात लावावासा वाटला.

हेडसरांनी घड्याळ बघितलं. मग खोलीवरची 'आत येऊ नये' ही पाटी बघितली. म्हणाले, नियम म्हणजे नियम, आपणच मोडला तर मुलांनी काय शिकायचं.

"घाबरलात का सर?" बाईंनी विचारलं.

साठ पोरांसमोर विचारलं. त्यामुळे हेडसरांना आत जावंच लागलं. पोरं पीटीच्या सरांकडे ठेवली. हेडसर, बाई, मुंगी आणि गमबूटकाका, चौघं मागच्या खोलीत शिरले.

खोली कसली, पाइपांचं जंगल. फरशी ओली, कोपऱ्यात फ्रीजर, भिंतीवर कुणाला कधी काय खायला घालायचं याचा फळा, आणि फरशीच्या मधोमध पाणी जायला हातभर रुंदीचं भोक. त्यावरची जाळी बाजूला काढून ठेवलेली, कारण गमबूटकाका सकाळपासून धुणंपुसणं करत होता. मोठ्या प्लास्टिकच्या टाकीवर जाड झाकण होतं, चारी बाजूंना पकडी लावलेल्या.

"एवढा बंदोबस्त?" बाईंनी विचारलं.

"हिला झाकण उघडता येतं," गमबूटकाका पकडी काढत म्हणाला. "लिंबाएवढं भोक मिळालं तरी पसार होते. हाडं नाहीत ना. फक्त बघा हं, हात नका घालू."

ऑक्टोपस तळाशी गोळा होऊन बसली होती. पाय एकमेकांत गुंतलेले, एक दिसतोय तोवर दुसरा आत. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. हेडसरांनी हात घातला नाही. त्यांनी पेन घातलं. "एक," त्यांनी पेनाने एका पायाला ढोसलं, "दोन..."

तीनपर्यंत पोचले नाहीत. पेन गेलं. पेनामागून मनगट गेलं, मग बाही, मग कोपर. ऑक्टोपस पाण्यातून निम्मी वर आली आणि हेडसरांच्या हाताला अशी बसली, जशी काही तिला शाळेत प्रवेश हवाय.

"ओढू नका," गमबूटकाका म्हणाला. "ओढलं तर अजून घट्ट धरते. किती पाय चिकटलेत सांगा. मला माझ्या बाजूने दिसत नाही. एकेक करून सोडवायचे असतात, आकडा चुकला तर सुटलेला परत धरतो."

हेडसरांनी मोकळ्या हाताने टाकीचा काठ धरला.

"लवकर सांगा. चोच आहे तिला."

"काय आहे?"

"चोच. पोपटासारखी. मधोमध असते."

हेडसरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी एकदा मुंगीकडे बघितलं. मुंगी छताकडे बघत होती. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या, हाताची घडी घालून. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना गार गार वाटत होतं.

"आठ," हेडसर म्हणाले.

"नीट मोजा. एखादा टाकीच्या काठाला असेल."

"आठ म्हणतोय ना मी. दोनदा मोजलेत. चार वर, चार खाली."

गमबूटकाकाने आठ सोडवले. एकेक पाय सुटताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज यायचा. शेवटी ऑक्टोपस पाण्यात गेली, पेन तिच्याकडेच राहिलं. हेडसर हात वर धरून उभे राहिले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गोल वळ उठले होते, ओळीने, एकसारखे.

"बाई, झालं ना," मुंगीने बाईंचा पदर ओढला. "म्हणाले ते. चला ना, मला तो मोठा चपटा मासा परत बघायचाय."

इथे बाई निघाल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. हेडसरांचा हात ओला, तोंड कोरडं, आणि आकडा तीन माणसांनी ऐकलेला. तिथल्या तिथे क्लार्कला फोन लावला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पण बाईंना ते तीन अर्ज आठवले. ती तिपाई आठवली. ते केळंही आठवलं.

"लिहून द्या," बाई म्हणाल्या.

हेडसरांचा हात खाली आला. बाईंनी त्यांना बुडताना नेमकी ओळखीची फळी दिली होती. लिहिणं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पुन्हा हेडसरांसारखा दिसायला लागला.

"लिहून देता येईल," ते म्हणाले. "पण काय लिहून द्यायचं? दबावाखाली उच्चारलेला आकडा?"

"दबाव कुणाचा? मी बोटसुद्धा लावलं नाही तुम्हाला."

"हिने लावलं," हेडसर टाकीकडे हात करत म्हणाले. "आठ ठिकाणी."

"म्हणजे आठ कबूल आहेत."

"दबावाचे आठ. निरीक्षणाचे नाही. निरीक्षण शांतपणे व्हायला हवं. रीतसर पत्रक हवं, साक्षीदार हवा."

"हा काय साक्षीदार," बाईंनी गमबूटकाकाची बाही धरली. "चला काका, कागद कुठाय तुमच्याकडे?"

"समोरच्या केबिनमध्ये आहे. थांबा, झाकण..."

"झाकण काही पळून जात नाही. तीनला यादी जाते आमची. चला."

केबिनमध्ये एक टेबल, एक खुर्ची आणि जुन्या पावत्यांचा गठ्ठा. हेडसरांनी एक पावती उलटी केली, गमबूटकाकाचं पेन घेतलं आणि पट्टी मागितली. पट्टी नव्हती. त्यांनी फ्रीजरच्या हमीपत्राच्या कडेने रेघा मारल्या. रकाने आखले. जीवाचे नाव. ठिकाण. वेळ. पायांची संख्या. निरीक्षकाची सही. साक्षीदाराची सही व हुद्दा.

"हुद्दा काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"काय लिहाल ते. मी माशांना खायला घालतो."

"हा हुद्दा होत नाही."

"अहो, लिहा ना काहीही," बाई ओरडल्या. "अडीच वाजलेत."

"काहीही लिहायचं नसतं, बाई. तेवढ्यासाठीच तर आपण हे पत्रक करतोय."

हुद्द्यावर सात मिनिटं गेली. 'जीवाचे नाव' या रकान्यात ऑक्टोपस लिहायचं की अष्टपाद, यावर अजून पाच गेली, कारण अष्टपाद लिहिलं तर उत्तर आधीच फुटतं असं हेडसरांचं म्हणणं पडलं. बाईंनी टेबलावर मूठ आपटली. पावत्यांचा गठ्ठा खाली पडला. गमबूटकाका ते गोळा करत बसला. हेडसर त्याला म्हणाले, तारखेप्रमाणे लावा, नाहीतर नंतर सापडत नाही. मुंगी दारात एका पायावर उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "जाऊ दे ना संघ."

"गप गं तू," बाई म्हणाल्या. "तू बरोबर आहेस. बरोबर असल्यावर जाऊ द्यायचं नसतं."

"मला माहितीये मी बरोबर आहे."

"त्यांना माहीत व्हायला हवं."

"त्यांना पण माहितीये," मुंगी म्हणाली.

बाईंचा राग अजून वाढला. त्यांनी फोन काढून क्लार्कला लावला आणि सांगितलं, यादी धरून ठेवा, एक नाव वाढणार आहे. क्लार्क म्हणाला, हेडसरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी एक अक्षर वाढवत नाही, आणि तीनला माणूस यादी घेऊन निघतोय. बाईंनी फोन हेडसरांपुढे धरला. हेडसरांनी पेन असलेला हात वर केला. आधी मोजणी. मग पत्रक. मग फोन. कामाची एक पद्धत असते.

"क्रम समजून घ्या," ते म्हणाले. सगळे रकाने भरले होते, फक्त पायांचा राहिला होता. त्यांनी कागद फुंकर मारून वाळवला, बाही खाली ओढून वळ झाकले आणि खुर्ची नीट मागे सारली. "मी शब्दाचा पक्का आहे. आता कोरड्या हाताने, लांबून, कुणाच्याही दबावाशिवाय मोजणार. जे दिसेल ते लिहिणार. ते तुम्हाला मान्य?"

"मान्य," बाई म्हणाल्या. "जे दिसेल ते. चला."

दोन वाजून पन्नास मिनिटांनी चौघं परत मागच्या खोलीत गेले.

झाकण टाकीला तिरकं टेकवलेलं होतं आणि पकडी फरशीवर पडल्या होत्या. टाकीत पाणी होतं, तळाशी हेडसरांचं पेन होतं. टाकीच्या काठावरून एक चकचकीत ओला पट्टा फरशीवर उतरला होता आणि मधल्या भोकापर्यंत गेला होता. गमबूटकाका भोकाशी वाकला, आत बघितलं आणि सरळ झाला.

"हे कुठे जातं?" बाईंनी विचारलं.

"समुद्रात."

दालनातून पीटीच्या सरांची शिट्टी ऐकू येत होती, पोरांना रांगेत लावत असावेत.

हेडसरांनी टाकीत डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग कागद फ्रीजरवर ठेवला, पायांच्या रकान्यात शून्य लिहिलं, खाली सही केली, वेळ घातली आणि पेन गमबूटकाकाला परत दिलं, साक्षीदाराची सही बाकी होती म्हणून.